मोडकी म्हणून नेलेली वीस बोअरची दुनळी

काका गेल्यावर घरातली जुनी बंदूक एका शस्त्रविक्रेत्याने काकूंकडून पाच हजार रुपयांत नेली. त्याने चार गोष्टी सांगितल्या. बंदूक मोडकी आहे, नळी फुटेल, हिची काडतुसं मिळत नाहीत आणि ठेवलीत तर सरकार वितळवून टाकेल. पहिली गोष्ट साफ खोटी होती. बाकीच्या तीन अर्ध्या खऱ्या होत्या, आणि म्हणूनच काकूंना त्या पटल्या. ज्यांच्या घरी आजोबांची बंदूक आहे किंवा पोलीस ठाण्यात जमा आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. तक्रारीची चौकशी चालू असल्याने विक्रेत्याचं नाव देत नाही.

काकांचं शेत पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाला. भात आणि ऊस. रानडुकरांचा त्रास कायमचा, त्यामुळे परवाना पीक संरक्षणाचा होता. बंदूक मात्र आजोबांच्या वेळची. आपल्या सातारा-सांगली भागात औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं जवळजवळ होती. १९४८ साली ती मुंबई प्रांतात विलीन झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत संस्थानी घरांतल्या कितीतरी वस्तू बाहेर पडल्या. इंग्रजी बनावटीच्या चांगल्या बंदुका आमच्यासारख्या शेतकरी घरांत दिसतात त्या बऱ्याचदा अशाच आल्या. आजोबांनी तिची किंमत कधी सांगितली नाही, पण पावसाळ्यात ती दर आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसली जायची. हाताच्या घामाने लोखंडाला गंज चढतो, म्हणून पुसल्यानंतर नळीला बोट लावलेलं काकांना खपायचं नाही.

ती वीस बोअरची होती. आपल्याकडे दुनळी म्हटलं की बारा बोअरच डोळ्यांसमोर येते. बोअरचा हिशोब उलटा असतो. एका पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर एका गोळीचा व्यास तो बारा बोअरच्या नळीचा, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या की वीस बोअर, साडेपंधरापेक्षा किंचित जास्त. अठ्ठावीस बोअर चौदाच्या आसपास. आकडा वाढला की नळी बारीक. बारा बोअरची बंदूक तीन किलोच्या आसपास भरते, चांगली वीस बोअर अडीच-पावणेतीनला थांबते. पण नुसत्या वजनावर जाऊ नका. खरी लहान बोअरची बंदूक मुळापासून लहान घडवलेली असते. नळ्या, मधला लोखंडी सांगाडा, दस्ता, सगळं त्याच मापात. मोठ्या सांगाड्यावर बारीक नळ्या बसवल्या की ती हातात बोजड लागते. काकांची बंदूक उचलली की वजन दोन हातांच्या मधोमध, बिजागरीपाशी यायचं. मी शाळेत असतानाही ती मला जड वाटत नसे.

काका तिची सफाई करत तेव्हा मला बघायला बसवायचे. सांगाड्याच्या पोटाशी एक झाकण होतं. ते बोटाने उघडायचं आणि आतलं चापाचं यंत्र, डावं वेगळं आणि उजवं वेगळं, नुसत्या हाताने बाहेर यायचं. स्क्रू-ड्रायव्हर लागायचा नाही. दोन्ही यंत्रं फडक्यावर मांडून काका पिसाने तेल लावायचे. आत, जिथे कोणाची नजर पोचत नाही तिथेही, पोलाद आरशासारखं घासलेलं होतं. मग नळ्यांची जोडी सोडवून खालच्या आकड्याला बोट अडकवून टांगायची आणि लाकडाच्या दांडीने हलकं टोकायचं. मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडावी तसा स्वर निघायचा आणि बराच वेळ टिकायचा. दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचं डाखकाम कुठे सुटलं असेल किंवा नळीला तडा असेल, तर आवाज बद्द येतो. जुन्या दुनळीची ही पहिली परीक्षा, आणि तिला काही खर्च येत नाही.

काका गेल्यावर परवाना संपला. अशा वेळी घरच्यांनी बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. ओळखीतल्या एकाने विक्रेत्याचं नाव सुचवलं आणि तो स्वतः घरी आला. काकूंनी त्याला चहा दिला. त्याने बंदूक बिजागरीत उघडून पाहिली, खालचं झाकण उघडलं, यंत्र तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "काकू, ह्याच्यात काय राहिलं न्हाई बघा. आतलं मशीनच निखळून हातात येतंय." काकूंनी आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नव्हता. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की यंत्र खरोखर हातात आलं. मग नळीवरचे डाग दाखवून तो म्हणाला की ही डमास्कस नळी आहे, बार टाकला की फुटून हात जाईल. मी तेव्हा पुण्याला होते. पावती लिहिली गेली ती अशी: "जुनी दुनळी बंदूक, नादुरुस्त, भंगार." कारखान्याचं नाव नाही, बोअर नाही, नंबर नाही.

काकांच्या हयातीत मी फोनवर तिचे फोटो काढले होते. ते कोल्हापूरच्या एका वयस्कर बंदूक कारागिरांना दाखवले. फोटो मोठा करायच्या आधीच त्यांनी विचारलं, "खालचं झाकण बोटानं उघडत हुतं का?" मी हो म्हणाले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

हाताने निघणारं ते यंत्र म्हणजे बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्याची ओळख. त्याचं पेटंट १८९७ सालचं. शिकारीच्या मुक्कामावर, कारागीर जवळ नसताना, एक यंत्र बिघडलं तर काढून दुसरं बसवता यावं यासाठी केलेली ती रचना आहे. त्याआधी, १८७५ साली, त्याच कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी घोडे, म्हणजे बार उडवणारे हातोडे, आत लपवणारी साधी, भक्कम रचना काढली, आणि जगभरच्या बिनघोड्याच्या दुनळ्या पुढे तिच्यावरच बेतल्या गेल्या. वरच्या पट्टीतून मागे निघालेली गोल डोक्याची जीभ सांगाड्याच्या खाचेत बसते, तीही याच कारखान्याची जुनी खूण. म्हणजे जी गोष्ट त्या माणसाने काकूंना मोड म्हणून दाखवली, तीच त्या बंदुकीची सगळ्यात मोठी किंमत होती. आणि धंद्यातल्या माणसाला ती न कळणं शक्य नाही. एवढ्यासाठीच मी याला व्यवहारातला तोटा म्हणत नाही, फसवणूक म्हणते.

आता डमास्कसबद्दल. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळून घडवलेल्या नळीला डमास्कस म्हणतात. तिच्यावर लाटांसारखी नक्षी दिसते. अशा जुन्या नळ्यांत आजची धूरविरहित दारू बेतालपणे वापरणं धोक्याचं असतं, हे खरं. पण काकांच्या नळ्या साध्या पोलादाच्या होत्या आणि डाग होते ते गंजाचे. खात्री कुठे होते? नळ्या सोडवून उलट्या करायच्या. मागच्या टोकाशी सपाट भागावर परीक्षेचे ठसे असतात, म्हणजे नळी दाब सोसते हे तपासून मारलेले. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्याने सुरू झालं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्याच्या ठशांत मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी ही अक्षरं येतात. एनपी म्हणजे नळी धूरविरहित दारूच्या दाबाला तपासलेली आहे. आमच्या फोटोत तिन्ही ठसे आहेत आणि शेजारी हिऱ्याच्या आकारात वीसचा आकडा. पट्टीवर लंडनच्या बाँड स्ट्रीटचा पत्ता आहे, पण तो दुकानाचा, बंदूक घडली बर्मिंगहॅमला. नाव आणि पत्ता कोणीही कोरू शकतो. बेल्जियमच्या लिएज गावात इंग्रजी नावांशी मिळतीजुळती नावं घातलेल्या स्वस्त बंदुका ढिगाने झाल्या. त्यांच्यावर लंबगोलात ईएलजी असतं. म्हणून आधी ठसे, मग नाव.

काडतुसांचं म्हणणं निम्मं खरं. आपल्याकडे सहज मिळतात ती बारा बोअरची, वीसची शोधावी लागतात. त्यात जुन्या इंग्रजी बंदुकीचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. बसतं म्हणून चालतं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पण काडतूस दुर्मीळ असलं म्हणून बंदूक भंगार होत नाही.

सरकार वितळवेल ही भीती सगळ्यात परिणामकारक ठरली. शस्त्र कायदा १९५९, कलम २१ नुसार जमा केलेली बंदूक मालकाचीच राहते. मालक वारला असेल तर कायदेशीर वारसाला ती परवाना मिळाल्यावर परत घेता येते किंवा परवानाधारकाला विकता येते. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तरच ती सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांत वारसाने परवाना मागण्याची वेगळी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. त्या वेळी बऱ्याच घरांतून तिसरी बंदूक घाईने बाहेर गेली. तुमच्याकडेही असं झालं असेल तर तेव्हाची पावती एकदा काढून बघा. तिच्यावर कारखाना, बोअर, नंबर आणि "जमा" की "विक्री" हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

नंबराचा आग्रह आणखी एका कारणाने धरा. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव किंवा नंबर घासून काढणं गुन्हा आहे, आणि तशी बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानेच ते केलं असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. तेव्हा घेणाऱ्यानेही नळ्या, सांगाडा आणि पुढची लाकडी पकड या तिन्हींवरचे नंबर परवान्याशी ताडून पाहावेत.

काकांच्या परवान्याची प्रत आमच्याकडे आहे आणि तिच्यावर नंबर आहे. तो जोडून आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ठाण्यात लेखी तक्रार दिली, आणि विक्रेत्याची साठा-नोंदवही तपासावी अशी मागणी केली. बंदूक जिल्ह्याबाहेर गेल्याचं तोंडी कळलं आहे, कागद अजून हातात नाही.

परवानाधारकांपैकी कोणाला वीस बोअरची, अठ्ठावीस इंची नळ्यांची, पोटाशी झाकण उघडणारी वेस्टली रिचर्ड्स दाखवली गेली, तर दस्त्याच्या खालची बाजू बघा. तिथे चांदीची लंबगोल टिकली आहे, तिच्यावर देवनागरीत "दा. गो." कोरलेलं आहे, आणि टिकलीच्या मागे अक्रोडाच्या लाकडात बोटभर लांबीचा, लाखेने भरलेला तडा आहे. टिकली काढली असली तरी तिच्या खोबणीचा आकार लपणार नाही. व्यवहार थांबवून तुमच्या ठाण्यात कळवा. सातारा जिल्ह्यात तक्रार नोंदलेली आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.