दारात पालिकेचे साहेब: आत घ्यावं, वेळ मागावी की नाही म्हणावं?

मुंबईत फ्लॅटच्या दारावर येणारी सरकारी माणसं साधारण चार तऱ्हेची. डासांच्या अळ्या शोधणारे पालिकेचे कामगार, मीटर तपासायला आलेले वीजवाले, अग्निशमन दलाचे अधिकारी आणि वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने खात्याचे अभियंते. शेवटच्यांचं नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते, कारण बंद केलेली बाल्कनी सगळ्यांनाच आठवते. या चौघांना एकच उत्तर देऊन चालत नाही.

अभियंत्यांपासून सुरुवात करतो, कारण खरी पंचाईत तिथेच आहे. त्यांचा अधिकार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातल्या कलम ४८८ मधून येतो. २०२२ मध्ये जुहू आणि खारच्या राजकारण्यांच्या घरांना याच कलमाच्या नोटिसा गेल्या, तेव्हा हा आकडा वर्तमानपत्रांत झळकला होता. कलम दोन्ही बाजूंनी बोलतं. पाहणीसाठी आत येण्याचा अधिकार ते आयुक्तांना आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांना देतं. पण सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात साधारणपणे येता येत नाही. आणि राहत्या घरात भोगवटादाराच्या, म्हणजे तिथे राहणाऱ्याच्या संमतीवाचून यायचं, तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

म्हणजे तुमच्या ‘नाही’ने पाहणी टळत नाही, पुढे ढकलली जाते. तुमच्या ‘हो’ने मात्र नोटिशीचा टप्पा तिथल्या तिथे संपतो. मग साहेब कशासाठी आले, काय मोजणार, कुणाच्या तक्रारीवरून, यातलं काही कागदावर नसताना ते तुमच्या हॉलमध्ये टेप लावून उभे असतात. म्हणून माझा कौल मधल्या वाटेला: दार उघडा, ओळखपत्र पाहा, ‘नोटीस द्या, उद्या सकाळी या’ असं नीट बोलून सांगा. यात अडवणूक नाही. कायद्यानेच ती सोय ठेवली आहे. मिळालेला वेळ आर्किटेक्टला फोन करायला आणि मंजूर नकाशा शोधायला वापरा. पुढे अनधिकृत बांधकामाची, कलम ३५१ ची नोटीस आलीच, तर हाच नकाशा कामाला येतो.

सरळ नकार देण्यात मला फायदा दिसत नाही. नोटीस देऊन आलेल्या अधिकाऱ्याला अडवलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ लागू शकतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. धक्काबुक्की झाली तर कलम १३२, आणि ते बरंच जड आहे.

अग्निशमनवाल्यांचं गणित वेगळं. २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यात तीन तासांची नोटीस आणि दिवसाउजेडीची पाहणी आहे. जिवाला धोका दिसला तर केव्हाही येता येतं. तुमचा फ्लॅट त्यांना फारसा नको असतो. त्यांना जिना, गच्ची, पंप आणि रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायची मोकळी जागा, बघायचा असतो. तो सेक्रेटरीचा प्रांत. मात्र सेक्रेटरीने दिलेली संमती जिन्यापुरती. तुमच्या उंबऱ्याच्या आतली तुम्हीच द्यायची.

डासवाल्यांना सरळ आत घ्या. ड्रम, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा बघून ते दहा मिनिटांत जातात, आणि पावसाळ्यात डेंग्यू शेजारच्या बशीतूनही येतो. ओळखपत्र तेवढं बघा. ‘पालिकेतून आलोय’ म्हणत शिरणारे भामटे या शहरात कमी नाहीत.

विजेच्या बाबतीत ताणू नये. बेस्ट असो, अदानी असो की मुलुंड-भांडुपकडची महावितरण, २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम १६३ सगळ्यांना सारखं. वाजवी वेळी, कळवून, त्यांना मीटर आणि तारा तपासता येतात. तुम्ही अडवलंत तर ते लेखी नोटीस देतात आणि चोवीस तासांनी वीज तोडू शकतात. मे महिन्यात हा सौदा कुणालाच परवडत नाही.

वीजचोरीच्या संशयावरून झडती असेल तर याच कायद्याचं कलम १३५ पाहा. घरातल्या एखाद्या प्रौढ पुरुषाच्या हजेरीशिवाय सूर्यास्तानंतर राहत्या घराची झडती घेता येत नाही. शब्द ‘पुरुष’ असाच आहे. १८८८ चा कायदा बायकांना दुसऱ्या खोलीत जायला सवड द्या म्हणतो. २००३ चा कायदाही फार पुढे गेलेला नाही. एकटी राहणारी बाई रात्री ‘सकाळी या’ म्हणू शकते, हा त्यातला अनपेक्षित फायदा. जप्त वस्तूंची यादी बनते, तिच्यावर तुमची सही लागते. वाचल्याशिवाय करू नका.

भाडेकरूंचा प्रश्न नेहमी येतो. अंधेरीत राहणारा भाडेकरू, मालक पुण्यात, आणि मालक फोनवर म्हणतो, ‘दार उघडू नका.’ कलम ४८८ मध्ये संमती भोगवटादाराची, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याची आहे. मालकालाही स्वतःचं घर बघायचं असेल, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आधी कळवून, वाजवी वेळीच यावं लागतं. तेव्हा मालकाच्या फोनवर वाद घालत बसू नका. नोटीस घ्या, पोचपावतीवर तारीख आणि वेळ लिहून सही करा, आणि तिचा फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा. बाल्कनी त्याने बंद केली असेल, तर उत्तर त्यालाच द्यायचं आहे.