टाटा इस्टेट, मॉडेल १९९६ : आम्ही दोघांनी घेतली, उभी केली, वापरतोय

मागची सीट पाडली की आमच्या इस्टेटमध्ये ५८ इंच पन्ह्याचे चौदा तागे लांबीत झोपतात आणि वर डिकीचं दार नीट बंद होतं. मी कापडी पिशव्या आणि मुलांची दप्तरं शिवते, कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून आणते. आधी प्रत्येक फेरीला छोटा टेम्पो सांगायचे. पावसात ताडपत्रीखालून पाणी शिरून कडेचे तागे भिजायचे. म्हणून जुन्या गाडीचं वेड यांचं असलं तरी ‘घ्यायची तर स्टेशन वॅगनच घ्यायची’ हा हट्ट माझा होता.

गाडीची ओळख थोडक्यात. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल पिकअप आणला. त्याच पायावर १९९१ मध्ये तीन दारांची सिएरा आली आणि १९९२ मध्ये ही पाच दारांची इस्टेट. २००० पर्यंत ती बनत होती. कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं ते २००३ मध्ये, त्यामुळे आमच्या आरसीवर अजून टेल्कोच आहे. डिझेल इंजिन, ओढ मागच्या चाकांना, पाच गिअर, पॉवर विंडो. तेव्हाच्या देशी गाड्यांत एवढं एकत्र क्वचितच मिळायचं. बाजूने बघितलं तर छपराची रेघ सरळ मागेपर्यंत जाते आणि मग खाली उतरते. मला ही रेघ फार आवडते. आजकालच्या गाड्यांच्या मागच्या काचा इतक्या बारक्या झाल्यात की मागे बसलेल्या मुलाला आकाश दिसत नाही. इस्टेटमध्ये मागे बसलं की गच्चीवर बसल्यासारखं वाटतं.

गाडी आम्हाला रत्नागिरीत मिळाली, फेब्रुवारी २०२२ मध्ये. एका बागायतदाराच्या शेडमध्ये चार वर्षं उभी होती. पेट्या वाहून वाहून मागचा गालिचा गेलेला, डिकीचे शॉकअप मेलेले. दार वर करून बांबूचा टेकू लावायचा, मगच आत वाकायचं. किंमत १ लाख ४० हजार ठरली. हे शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, लोखंड यांना कळतं. यांनी इंजिन सुरू करून आवाज ऐकला, ऑइलची काडी काढून बोटावर घासून बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आम्ही दोघांनीही तेव्हा फक्त इंजिन बघितलं. ही चूक आम्हाला पुढे सगळ्यात महाग पडली.

येताना आंबा घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी कडेला घेतली. गरम रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही एवढं ठाऊक होतं, म्हणून चाळीस मिनिटं कठड्याशी बसून राहिलो. मी डब्यातल्या दशम्या काढल्या. हे म्हणाले, “अगं, पश्चात्ताप होतोय का?” मी म्हटलं, “अहो, अजून घाट पण संपला नाही.” मग पाणी भरलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू वर आलो. पुढे रेडिएटर खोलला तेव्हा निम्म्या नळ्या गाळाने बंद निघाल्या. जुना रेडिएटर पितळ-तांब्याचा होता, त्याला नवा कोअर बसवून घेतला. तेव्हापासून तोच घाट भर मे महिन्यात पाच माणसं घेऊन चढलोय, काटा मधोमध.

इंजिनाचं फार सांगत बसत नाही, कारण त्याची चिंताच नाही. त्याचं नाव ४८३, म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० ची, मिळून १९४८ सीसी. १९९४ ला सुमो आली तिच्यातही हेच इंजिन होतं, आणि सुमो आपल्याकडे गावोगाव पळाली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, सगळं आजही मिळतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री गल्लीगल्लीत आहेत. आमचं इंजिन पूर्ण उतरवलं, बोअर केलं, क्रँक घासला, हेड फेस केलं, पंप-नोझल कॅलिब्रेट करून आणले. रेडिएटर धरून ७८ हजार लागले. आता सकाळी किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. हिवाळ्यातही पहिल्या फटक्यात उठते.

ताकद ६८ हॉर्सपॉवर. एवढ्या जड गाडीला ती बेताचीच. महामार्गावर ७० ते ८० च्या वेगात ती सुखात असते. त्यापुढे ओढलं की आवाज वाढतो आणि डिझेल जातं. पन्हाळ्याच्या चढाला मागे माल असेल तर आधीच खालचा गिअर घ्यायचा. टर्बो इंजिन बसवा असं आम्हाला चार जणांनी सांगितलं. यांचं मन झालंही होतं. पण इंजिन बदललं की आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, वर वेगळा खर्च, आणि मला गांधीनगरला जाऊन यायला एवढा वेग लागतो कशाला? आम्ही एक वही केली होती. ५ हजारांच्या वरचा कुठलाही खर्च दोघांनी हो म्हटल्याशिवाय करायचा नाही. टर्बोच्या पानावर माझं ‘नाही’ आहे, सीएनजीत बदलायच्या पानावर यांचं. दोन्ही निर्णय बरोबर ठरले असं आज आम्ही दोघंही म्हणतो.

आता पत्रा. इस्टेट घेणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा.

रत्नागिरीची खारी हवा, चार वर्षं शेडमध्ये, खाली ओलसर माती. वरून रंग ठीक दिसत होता. आम्ही एका डेंटर-पेंटरकडे गाडी दिली, ४५ हजार ठरले, मे महिन्यात गाडी चकचकीत होऊन घरी आली. गल्लीतली माणसं बघायला आली. श्रावणात मागच्या दाराखाली रंगाला एक फोड आला, वाटाण्याएवढा. दिवाळीपर्यंत चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडेला, डिकीच्या ओठावर फोडच फोड. मी शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक आणलं, सांडलेल्या टाचण्या गोळा करायला वापरते ते. गाडीभोवती फिरत एकेक वीत अंतरावर टेकवत गेले. बॉनेटला घट्ट चिकटलं, छताला चिकटलं. मागच्या कमानीवर टेकवलं आणि सोडलं, तर ते सरळ खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिथे पत्राच नव्हता, बोटभर जाडीची लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) होती. गंज न कापता त्यावर जाळी, जाळीवर लांबी, लांबीवर रंग. त्या संध्याकाळी हे अंगणात पायरीवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पैशापेक्षा लोखंडाच्या माणसाला लोखंडातच फसवलं याचं यांना जास्त लागलं.

आमच्या इंजिनच्या मिस्त्रींनी दुसरा माणूस सांगितला. त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय : “वैनी, इंजान काय, पैसं टाकलं की नवं हुतंय. पत्रा गेला की गेला. गाडी घ्यायची तर पत्रा बघून घ्यायची असती.”

दुसऱ्या कारागिराने सगळी लांबी खरवडून काढली तेव्हा आतून चाळण बाहेर आली. त्याने कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत मागे जाऊन कापला, तेवढ्याच जाडीचे नवे तुकडे हाताने वाकवून बसवले आणि सीओटू वेल्डिंग केलं. गॅस वेल्डिंगने आजूबाजूचा पत्रा तापून लाटा येतात, म्हणून ते नाही. आतल्या पोकळीत गंजरोधक मेण सोडलं, पाणी निघून जायची भोकं मोकळी केली. लांबी वापरली, पण कागदाइतकी, फक्त सपाटीसाठी. रंग आरसीवर आहे तोच ठेवला, पांढरा. हे रोज कामावरून सुटल्यावर तिकडे जाऊन तासभर थांबायचे, घासकाम स्वतः करायचे. पाच महिने आणि १ लाख ३५ हजार. त्यानंतर तीन पावसाळे झाले. चुंबक मी दर दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेआधी फिरवते. अजून कुठेही सुटलेलं नाही.

आतलं काम माझं. छताचा कपडा लोंबत होता, तो काढून त्याच्याच मापाने नवा कापला. जुना उसवताना प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला होता, तेवढ्यामुळेच तो नीट बसला. सीटना रेक्झिन न लावता जाड सुती कॅनव्हास लावलं, निळी-करडी पट्टी. रेक्झिन उन्हात चटके देतं आणि पाठीला घाम फुटतो. माझं रोजचं मशीन एवढ्या जाडीला दमलं, म्हणून एका बॅगवाल्या मैत्रिणीच्या जड मशीनवर चार रविवार बसले. फोम, कॅनव्हास, छत, गालिचा मिळून १९ हजार. मजुरी द्यावी लागली असती तर यात नुसतं छत झालं असतं.

खरी अडचण आहे ती फक्त इस्टेटलाच लागणाऱ्या वस्तूंची. नाकाकडचा भाग सिएरा-टाटामोबाइलच्या घराण्यातला, तिकडचं काही ना काही सापडतं. पण मागच्या बाजूच्या काचा, डिकीचं दार, टेललाइट हे दुसऱ्या कुठल्याच गाडीचं चालत नाही. आमची उजवीकडची मागची काच तडकलेली होती. पाच महिने शोधली. शेवटी बेळगावच्या एका भंगारात इस्टेट तुटायला आल्याचं कळलं. आमची गाडी तेव्हा कापलेल्या अवस्थेत, म्हणून एसटीने गेलो. काच आईने शिवलेल्या वाकळेत गुंडाळली आणि परतीचा सगळा रस्ता मांडीवर आडवी धरली. निपाणीला एका आजीनं विचारलं, “बाळ झोपलंय व्हय?” मी वाकळेचा कोपरा उचलून काच दाखवली. त्या जपून पलीकडे सरकल्या आणि माझ्यासाठी आणखी वीतभर जागा केली.

काच-रबर-दिव्यांचे १७ हजार, ब्रेक, स्टिअरिंग आणि वायरिंगचे ४१ हजार, टायरचे २६ हजार. फसलेले ४५ हजार धरून दुरुस्तीची बेरीज ३ लाख ६१ हजार, खरेदीसह ५ लाख १ हजार. आधी पत्रा बघून गाडी निवडली असती तर यातले लाखभर तरी वाचले असते.

कागदांचंही सांगते, कारण ते काम मीच करते. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. त्यावरच्या सह्या आधीच्या मालकाकडून समोर बसून घ्याव्यात, नंतर फोन लागत नाहीत. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमचं येत्या सप्टेंबरात आहे. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींचं हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजारांवर गेलं, पर्यावरण कर वेगळा. ‘व्हिंटेज’ची नोंदणी ५० वर्षांनंतर, म्हणजे हिची २०४६ मध्ये. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची असेन. तोपर्यंत ही सरकारच्या लेखी नुसतीच जुनी डिझेल गाडी, म्हणून पीयूसीची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिते. दिल्लीकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिकडच्या गाड्या स्वस्तात दाखवतात, पण ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मायलेज गावात ११, रस्त्याला १३. वळायला जागा जास्त लागते, मंडईच्या बाजूला नेण्यात अर्थ नाही. पावसात काचांवर आतून वाफ धरते, मी एक सुती फडकं दाराच्या कप्प्यात ठेवते. रोज शहरात ऑफिसला जायला एकच गाडी हवी असेल तर ही घेऊ नका. ज्याला सामान न्यायचंय, घाईत नाही, जवळ चांगला पत्राकाम करणारा आहे, त्याने जरूर घ्यावी. घरात दोघं असाल तर दोघांनीही ती चालवून बघून मगच घ्यावी. क्लच जड असतो. मी आधी सीट पुढे घेऊन, पाठीला उशी लावून चालवून बघितली, तेव्हाच होकार दिला. आज गांधीनगरच्या फेऱ्या मी एकटी करते, आणि रविवारी जोतिबाला जाताना हे शेजारी बसून खिडकीबाहेर बघतात.

सध्या आम्ही डाव्या टेललाइटच्या शोधात आहोत. काच कोपऱ्यात फुटलीय, लाल चिकटपट्टीवर भागवतोय. कुणाच्या परड्यात इस्टेट पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आम्हाला कळवा. आम्ही वाकळ घेऊन येतो.