घरदुरुस्तीचे अडीच लाख आणि माझे ३७,६००

उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. फाटकी नोट, खोटी नोट, बनावट पास, सगळं चालत्या गाडीत ओळखलं. आणि रिटायर झाल्यावर मला ३७,६०० रुपयांचा चुना लागला. घरात हा विषय काढायची सोय राहिलेली नाही, म्हणून लिहितोय.

पंतप्रधान आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. एवढं खरं आहे. आमचा स्लॅब गळतो, गज उघडे पडलेत. नगरपरिषदेच्या आवारात कायम दिसणारा एक जण भेटला. गळ्यात बिल्ला नव्हता, पण शिपाई त्याला नावाने हाक मारत होते, बाबू लोक त्याच्याबरोबर चहा पीत होते. तो म्हणाला, "काका, दोन-शून्य आलंय, आता दुरुस्तीलापण मिळतं." योजना नवी, नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक, विचारायला नगरसेवक नव्हता. खात्री करायला मी काय दिल्लीला जाणार होतो?

फॉर्मचे ६००, इंजिनिअरच्या नकाशाचे ४,५००, रोख. डीपीआरमध्ये, म्हणजे योजनेच्या प्रकल्प अहवालात, नाव घालायचे ११,०००, फोनवरून. मग व्हॉट्सॲपवर मंजुरी पत्र आलं. गोल शिक्का, सही, वर राजमुद्रा. आणि शेवटी 'लाभार्थी हिस्सा' २१,५००.

तो २१,५०० चा क्षण अजून झोपू देत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. नगरपरिषदेचा हिस्सा मोबाईल शॉपीत? मी विचारलं, हो, विचारलं! तो म्हणाला, "सरकारी खातं लिंक व्हायला वेळ लागतो काका, आज शेवटची तारीख आहे, उद्या यादीतून नाव गेलं तर मला बोलू नका." दोन पावसाळे बादल्या लावून काढलेल्या माणसाला 'यादीतून नाव गेलं' म्हटलं की काय होतं, ते स्लॅब न गळणाऱ्यांना कळायचं नाही. पिन दाबला. पत्रावर जावक क्रमांकाची जागा कोरी होती, हे मुलाने नंतर दाखवलं. सरकारी कागद जावक क्रमांकाशिवाय टेबलावरून हलत नाही हो!

ही योजना ज्याचं देशात कुठेच पक्कं घर नाही त्याच्यासाठी आहे. स्लॅबच्या घराच्या दुरुस्तीला त्यात छदाम नाही. पैसेही टप्प्याटप्प्याने, बांधकामाचे जिओ-टॅग (जागेची नोंद असलेले) फोटो चढल्यावर, थेट बँक खात्यात येतात. माझ्या घरी फोटो काढायला कुत्रंही फिरकलं नव्हतं. मंजुरीसाठी कोणी पैसे मागितले की तिथेच उठा.

नगरपरिषदेत गेलो तर म्हणे, "तो आमचा माणूस नाही." मग तुमच्या खुर्चीत बसून तुमचा चहा कोण पीत होतं? मुख्याधिकारी साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या बैठकीत. पुन्हा गेलो, पुन्हा व्हीसीत. आवास कक्षाचा कंत्राटी इंजिनिअर साइटवर, कुठल्या साइटवर ते कोणालाच माहीत नाही. पोलीस स्टेशनात साहेब हसून म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना काका? मग फसवणूक कशी?" अहो, स्वतःहून दिले म्हणूनच ती फसवणूक, हिसकावले असते तर चोरी झाली असती! एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून वाटेला लावलं. जिल्ह्याच्या सायबरला गेलो तर म्हणे आधी रोख दिलेत, स्थानिक ठाण्यात जा. ठाण्यात म्हणे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. गुन्हेगार एका जागी चहा पितोय आणि फिर्यादी एसटीने हिंडतोय, तेही अर्ध्या तिकिटावर.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर कोणाची वाट न बघता लगेच १९३० ला फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत. मला हे उशिरा कळलं. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर एसपींना लेखी पाठवा, पोस्टाची पावती जपा. नकाशाचे पैसे दिलेत तर इंजिनिअरचं नाव आणि सही मागा. मी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं, माझी फाईल कुठे आहे. उत्तर आलं: सदर नावाचा अर्ज या कार्यालयास प्राप्त नाही. या एका ओळीवर मात्र जावक क्रमांक व्यवस्थित आहे.

तोच कागद जोडून एसपी ऑफिसला अर्ज दिलाय. आमच्याच गल्लीत आणखी दोघांकडे तसलंच मंजुरी पत्र आहे, पण लाजेने बोलत नाहीत. तुमच्याकडे असेल तर फाडू नका, चॅट डिलीट करू नका. अर्जावर एकाच्या जागी चार सह्या पडू द्या.