जीकेई ऑटोपायलट: हंगामी धंद्याच्या कसोटीवर

गोव्यातील हॉटेले, होमस्टे आणि मांडवीतील जलसफरी यांचे आरक्षण सांभाळणाऱ्या संगणक प्रणालींवर वर्षभर सारखा भार कधीच नसतो. ऑक्टोबरपासून तो चढू लागतो, नाताळ ते नववर्ष या आठवड्यात कळस गाठतो, कार्निव्हलला पुन्हा उसळतो आणि जूनमध्ये पाऊस स्थिरावला की ओसरतो. पणजीत असेच काम करणाऱ्या आमच्या छोट्या चमूने यासाठी गूगल क्लाउडवरील कुबरनेटिस सेवा, म्हणजे जीकेई, तिच्या ऑटोपायलट प्रकारात वापरली. कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या साहित्यासह बांधलेले प्रोग्राम, अनेक यंत्रांवर चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली म्हणजे कुबरनेटिस. पावसाळ्यात बिल खरोखर खाली येते का, हाच आमच्यापुरता तिचा कस होता. ते येते, मात्र प्रत्येक कामासाठी आपण कागदावर किती सीपीयू आणि मेमरी मागितली आहे यावर ते अवलंबून असते.

कुबरनेटिस गूगलने २०१४ मध्ये खुले केले आणि जीकेई २०१५ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाली. ऑटोपायलट मात्र २०२१ चा. जुन्या स्टँडर्ड प्रकारात यंत्रे आपण निवडायची आणि ती रिकामी असली तरी त्यांचे पैसे भरायचे. त्यात एक खाचही आहे: प्रादेशिक क्लस्टरमध्ये, म्हणजे एका प्रदेशातल्या अनेक झोनमध्ये (डेटा केंद्रांच्या वेगवेगळ्या भागांत) पसरलेल्या यंत्रसमूहात, नोडची, म्हणजे यंत्रांची, मूळ संख्या प्रत्येक झोनला ३ असते, त्यामुळे काही न बदलता पुढे गेल्यास तीन झोनमध्ये मिळून ९ नोड उभे राहतात. ऑटोपायलटमध्ये नोड गूगल सांभाळते आणि सर्वसाधारण कामांसाठी आकारणी पॉडने, म्हणजे एकत्र चालणाऱ्या एक वा अधिक कंटेनरच्या संचाने, मागितलेल्या सीपीयू व मेमरीवर होते.

उभारणी सोपी आहे. प्रोजेक्ट तयार करून त्याला बिलिंग खाते जोडावे, कुबरनेटिसचा एपीआय (साधनांना ही सेवा वापरू देणारा दुवा) सुरू करावा, क्लस्टरचे नाव आणि मुंबई प्रदेश देऊन एक आज्ञा चालवावी. काही मिनिटांत क्लस्टर तयार होतो. क्लस्टरला आज्ञा देणाऱ्या क्यूबसीटीएल या साधनाची १.२६ किंवा त्यापुढील आवृत्ती असेल तर जीकेईचे ओळख-प्लगिन वेगळे बसवावे लागते. ही साधने ब्राउझरमधल्या क्लाउड शेलमध्ये आधीच असतात, म्हणून मुसळधार पावसात कार्यालयाची वीज गेली तरी फोनच्या इंटरनेटवर काम निभावते. नोड खासगी, म्हणजे सार्वजनिक इंटरनेट पत्त्याविना, ठेवले असतील तर त्यांना बाहेर इंटरनेटवर पोहोचू देणाऱ्या क्लाउड नॅटची तजवीज आधी करावी, अन्यथा बाहेरच्या रजिस्ट्रीतील (साठ्यातील) इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर चालू होतो ती प्रत, उतरत नाही आणि पॉड ‘इमेजपुलबॅकऑफ’ दाखवत अडून राहतो.

खरे लक्ष घालायचे ते मागणीच्या आकड्यांत. खोली राखून ठेवली की पाहुणा त्यात झोपो वा न झोपो, भाडे लागतेच. इथेही हिशेब तोच. मागणी लिहिलीच नाही, तर ऑटोपायलट सर्वसाधारण कंटेनरला अर्धा व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) आणि २ जीआयबी (जीबीसारखेच माप) मेमरी गृहीत धरतो. आरक्षणाची पुष्टी ईमेलने पाठवण्यासारख्या किरकोळ कामाला एवढी मेमरी क्वचितच लागते. अशा पाच सेवा प्रत्येकी दोन प्रतींत चालवल्या की १० पॉड होतात, म्हणजे ५ व्हीसीपीयू आणि २० जीआयबी, आणि ऐन आषाढात त्यांचा मीटर रात्रंदिवस फिरत राहतो. म्हणून हंगामातला वापर पाहून प्रत्येक सेवेची मागणी ठरवावी आणि गर्दीनुसार पॉडची संख्या बदलणाऱ्या स्वयंचलित वाढीची किमान मर्यादा जूनमध्ये उतरवून ऑक्टोबरपूर्वी पुन्हा वाढवावी.

गर्दी अचानक आली तर नवे नोड तयार होईपर्यंत काही पॉड ‘पेंडिंग’ राहतात. नाताळच्या संध्याकाळी हा वेळ परवडत नाही. उपाय असा की, कमी प्राधान्याचे, काहीही न करणारे पॉड आधीच चालू ठेवावेत. खरे काम आले की ते बाजूला सारले जातात. त्यांचेही पैसे लागतात, पण ते त्या आठवड्यापुरतेच लागतात आणि माझ्या मते तो खर्च सार्थकी लागतो.

क्लस्टरच्या व्यवस्थापनासाठी तासाला ०.१० डॉलर शुल्क आहे. प्रत्येक बिलिंग खात्याला महिन्याला ७४.४० डॉलरची सूट मिळत असल्याने पहिल्या क्लस्टरवर हे शुल्क जाणवत नाही. चाचणीसाठी दुसरा क्लस्टर काढला की ते जाणवू लागते. चाचण्या त्याच क्लस्टरमध्ये वेगळ्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरमधल्या वेगळ्या कप्प्यात, ठेवणे छोट्या चमूला पुरेसे ठरते. ॲमेझॉनच्या ईकेएस या कुबरनेटिस सेवेचे मूळ शुल्कही तासाला ०.१० डॉलरच आहे, मात्र कुबरनेटिसच्या आवृत्तीचा नेहमीचा आधार संपला की ते ०.६० डॉलर होते. मायक्रोसॉफ्टच्या एकेएस या तशाच सेवेत नियंत्रण विभाग (क्लस्टरचे व्यवस्थापन करणारा भाग) विनाशुल्क असलेला प्रकार आहे आणि त्यांचा एक प्रदेश पुण्यात आहे, त्यामुळे निव्वळ शुल्क पाहून निवड करणाऱ्याने तिकडेही पाहावे.

विशेषाधिकार मागणारे कंटेनर किंवा नोडच्या फाइलप्रणालीत लिहिणारी साधने ज्यांना हवीत, त्यांना ऑटोपायलट जाचेल. एकच संकेतस्थळ चालवणाऱ्याला तर क्लस्टरचीच गरज नाही. क्लस्टर न सांभाळता कंटेनर चालवू देणाऱ्या गूगलच्या क्लाउड रनवर त्याचे काम भागते. आणि हंगाम संपल्यावर क्लस्टर काढून टाकायचा असेल, तर आधी लोड बॅलन्सर (येणारी वर्दळ वाटून देणारे साधन) असलेल्या सेवा आणि डिस्कची मागणी करणारे घटक काढावेत. क्लस्टर गेला तरी या गोष्टी आपोआप जातीलच असे नाही, आणि कुणी न वापरलेल्या डिस्कचे बिल पुढच्या महिन्यातही येत राहते.