पांढरा रंग उडवायचा, पण नेमका कुठे?

लोगोची फाइल येते, त्यामागे पांढरा चौकोन असतो आणि वेबपानाची पार्श्वभूमी असते राखाडी. ‘तेवढा पांढरा पारदर्शक करा’ हे काम एका ओळीचं वाटतं. एके काळी ते खरंच एका ओळीचं होतं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये क्रोमा नावाचं फिल्टर होतं. रंग सांगितला की त्या एलिमेंटमधला, म्हणजे पानावरच्या घटकातला, तेवढा रंग गायब. बाकीच्या ब्राउझरांनी ते उचललं नाही आणि २०१२ साली इंटरनेट एक्सप्लोररच्याच दहाव्या आवृत्तीतून अशी जुनी फिल्टर्स गेली. आज त्याच्या जागी जसाच्या तसा बसेल असा सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) गुणधर्म नाही. आडवाटा आहेत, आणि प्रत्येकीची खोड वेगळी.

आधी एक गोष्ट बघून घ्या: तो रंग सीएसएसमध्ये लिहिलेला आहे की चित्राच्या आत आहे? सीएसएसमध्ये असेल तर फार विचार नको. ओपॅसिटी (अख्ख्या एलिमेंटची अपारदर्शकता) वापरली तर आतला मजकूरही फिका होतो. रंगालाच अल्फा (अपारदर्शकतेचा आकडा) दिला तर फक्त पार्श्वभूमी विरते. दहातल्या नऊ वेळा तुम्हाला हा दुसरा उपायच हवा असतो. रंग व्हेरिएबलमध्ये असेल तर कलर-मिक्सने तो ‘ट्रान्सपरंट’मध्ये मिसळा; २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतं.

चित्रातला रंग ही खरी डोकेदुखी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मिक्स-ब्लेंड-मोड या सीएसएस गुणधर्माला मल्टिप्लाय ही किंमत देणं. यात दोन रंगांच्या किमतींचा गुणाकार होतो. पांढरा म्हणजे १, त्यामुळे मागचा रंग तसाच दिसतो. काळा म्हणजे ०, तो काळाच राहतो. कडा सुरेख येतात, कारण अर्धवट राखाडी पिक्सेलही प्रमाणात मिसळतात. काळी सही, स्कॅन केलेलं रेखाचित्र, शिक्का यांसाठी मी दुसरं काही बघतच नाही. पण रंगीत लोगो मागच्या रंगाने काळवंडतो, आणि गडद थीम लावली की लोगोच बुडतो. (काळी पार्श्वभूमी उडवायची असेल तर उलटा भाऊ, स्क्रीन नावाचा मोड.) शिवाय हे मिश्रण आपल्या स्टॅकिंग कॉन्टेक्स्टच्या (एकत्र रंगवल्या जाणाऱ्या थरांच्या गटाच्या) बाहेर जात नाही. पालक एलिमेंटला, म्हणजे ज्याच्या आत चित्र आहे त्याला, कुणी ट्रान्सफॉर्म (हलवणं, फिरवणं) लावला, त्याने नवा कॉन्टेक्स्ट बनला आणि मागचा रंग त्या पालकाच्याही मागे असेल, तर पांढरा चौकोन पुन्हा हजर. कारण सापडेपर्यंत अख्खी दुपार जाते.

एसव्हीजीचं (आकारांनी बनलेल्या चित्रांच्या फॉरमॅटचं) कलर मॅट्रिक्स फिल्टर जुन्या क्रोमाच्या सर्वांत जवळचं. २० आकड्यांचा तक्ता: चार ओळी, पाच रकाने (लाल, हिरवा, निळा, अल्फा, स्थिरांक). शेवटची ओळ अल्फा ठरवते. तिथे −१ −१ −१ ३ ० लिहिलं की शुद्ध पांढऱ्याचा अल्फा शून्य होतो. हिरव्या पडद्यासाठी १ −१ १ १ ०. अनेक जण तो ३ पाचव्या रकान्यात, म्हणजे स्थिरांकाच्या जागी टाकतात. तिथे मुळातच रिकाम्या असलेल्या पिक्सेलचा अल्फाही ३ निघतो आणि चित्राभोवती काळी चौकट उमटते, कारण फिल्टरचं क्षेत्र आपोआप चारी बाजूंनी १० टक्के मोठं धरलं जातं. चौथ्या रकान्यात टाकला की हा त्रास नाही. आणखी एक: हे गणित मुळात लिनिअर आरजीबीत (प्रकाशाच्या प्रमाणातल्या आकड्यांत) चालतं, एसआरजीबी (रंगांचे नेहमीचे आकडे) सांगितलं नाही तर मधल्या छटा अपेक्षेपेक्षा वेगळ्या वागतात.

मल्टिप्लायपेक्षा इथे गडद रंग शाबूत राहतात, हा मोठा फायदा. तोटा असा की एसआरजीबीत (० ते २५५ च्या मोजपट्टीवर) १७० च्या वरची प्रत्येक राखाडी छटा थोडीथोडी विरते, आणि चित्रातला हलका पिवळाही सोबत जातो. गडद पार्श्वभूमीवर कडेला फिकट किनार दिसते ती वेगळीच.

कॅनव्हासवर (जावास्क्रिप्टने चित्र रंगवायची ब्राउझरमधली जागा) हवं तसं नियंत्रण मिळतं: प्रत्येक पिक्सेलचे आकडे वाचा, निवडलेल्या रंगापासूनचं अंतर मोजा, अल्फा बदला. मर्यादा एक न ठेवता दोन ठेवा. खालच्या मर्यादेच्या आत पूर्ण पारदर्शक, दोन्हींच्या मध्ये हळूहळू. जेपेगमध्ये तर हे लागतंच, कारण डोळ्याला पांढरं दिसतं तिथे २५२, २५४ असे आकडे निघतात. मात्र चित्र दुसऱ्या डोमेनवरचं असेल आणि त्या सर्व्हरने परवानगी दिली नसेल, तर ब्राउझर पिक्सेल वाचूच देत नाही. मल्टिप्लाय आणि मॅट्रिक्सला ही अडचण नाही. व्हिडिओ असेल तर १९२० बाय १०८० च्या एका फ्रेममध्येच २० लाखांवर पिक्सेल. तो हिशेब जावास्क्रिप्टवर न टाकता वेबजीएलच्या शेडरवर (ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) सोपवा.

कॅनव्हासचा साधा लूप असो की मॅट्रिक्स, दोघांनाही आतलं-बाहेरचं कळत नाही. पार्श्वभूमीबरोबर चेहऱ्यातल्या डोळ्यांचा पांढराही जातो. कोपऱ्यापासून बादली ओतल्यासारखा रंग काढत आलात तरच डोळे वाचतात.

म्हणून चित्र बदलणारं नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फाइलच दुरुस्त करा. इमेज एडिटरमध्ये एकदा मास्क करा (नको तो भाग झाका), कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळलेला पांढरा काढा आणि पीएनजी किंवा वेबपीत साठवा. दोन्हींत अल्फाच्या २५६ पायऱ्या मिळतात. गिफमध्ये पिक्सेल एक तर दिसतो नाही तर नाही, म्हणून कडा करवतीसारख्या होतात. जेपेगमध्ये अल्फा नसतोच. कॅनव्हास आणि मॅट्रिक्स वापरकर्ते स्वतः चढवतात त्या चित्रांसाठी राखून ठेवा. लोगोच असेल तर एडिटर उघडण्याआधी मालकाकडे मूळ एसव्हीजी मागा. बऱ्याचदा ती पडून असते, आणि तिच्यात पांढरा चौकोन असलाच तरी तो निवडून डिलीट करता येतो.