अतिमऊ केसांचा टूथब्रश: तीन महिन्यांनंतर

कडक ब्रशने खसाखसा घासून माझ्या हिरड्या मागे सरकल्या, सुळ्यांच्या मुळाशी खाचा पडल्या. गार पाणी लागलं की कळ थेट डोक्यात जायची. सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही, हे दंतवैद्यांकडून कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. म्हणून हा ब्रश घेतला.

पहिला आठवडा दात घासल्यासारखं वाटेचना. मग पकड बदलली: मुठीत न धरता पेनसारखा, केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून हलके गोल फिरवायचे, पूर्ण २ मिनिटं. ब्रशचं डोकं लहान, त्यामुळे शेवटच्या दाढेमागेही पोहोचतो. रक्त येणं थांबलं, कळही कमी झाली. दांडा मात्र ओल्या हातातून निसटतो. पूर्वीच्या ब्रशचे केस महिन्याभरात पिंजारायचे. याचे अजून सरळ आहेत. तरी तीन महिने झाले म्हणून आता बदलणार, आणि पुन्हा हाच घेणार.