सांग्यातली 'माणकं' आणि आमचे ५७,७०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो: ५७,७००. फोंड्यात ओळखीचं कुणी भेटलं की पहिलं तेच विचारतं. मग दुसरा प्रश्न, "पण तुम्हांला तर दगडांतलं कळतं ना?" कळतं. तिथंच तर घात झाला.

मला आणि बायकोला दगड शोधायचा नाद आहे. पुण्याकडे गेलो असताना वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटचा सुपारीएवढा तुकडा हाती लागला, तेव्हापासूनचा. लोक सुट्टीत हॉटेलं शोधतात, आम्ही नदीपात्रं. चाळणी मी धरायची, निवडायचं हिनं. तांदळातले खडे निवडणाऱ्या बाईला कोण फसवणार, असं मी चार लोकांत म्हणायचो. असो.

किनाऱ्यावरच्या एका बाजारात हा माणूस भेटला. सांगे तालुक्यात मामाची जुनी मँगनीजची खाण आहे, दोघांचे ३,००० द्या, दिवसभर खणा, सापडेल ते तुमचं. २०१२ला खाणी बंद झाल्यापासून काहीबाही करून घर चालवणारे पुष्कळ, त्यामुळे संशय आला नाही. गोव्यात माणिक कुठलं, हे मी विचारलं होतं, अगदीच बावळट नाही मी. तो म्हणाला, "भाई, माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. आणि जांभ्यात काय असतं?" जांभ्यात ॲल्युमिनियम असतं, हे खरं. पण जांभा पावसानं खडक झिजून वर तयार होतो आणि माणिक जमिनीच्या पोटात, उष्णतेनं नि दाबानं. हे मला ठाऊक होतं. तरी मान डोलावली, कारण ही शेजारी उभी होती आणि तिनं बाह्या वर सारायला सुरुवातही केली होती.

तिसऱ्या चाळणीत तीन लाल खडे आले, चण्याएवढे. तांबडी माती सगळीकडे होती: गारगोट्यांवर, जाळीत, आमच्या कोपरांपर्यंत. खडे मात्र एकदा पाण्यात बुडवले आणि लख्ख. हिनं एकाच्या फटीतून नख फिरवलं, नख बघितलं आणि म्हणाली, "अरे, आत माती कशी नाही?"

मी म्हटलं, "कठीण दगडाला माती धरत नाही."

कठीण दगडाला माती धरत नाही! रात्री अडीचला जाग येते ती ह्या वाक्यानं. कुणी कधी ऐकलंय असलं काही? तिनं पकडलं होतं, आणि मी शहाणपणा करून तिला गप्प केलं.

घरी आल्यावर त्या खड्यानं गारगोटीवर ओरखडा काढून पाहिला. उमटला. म्हणजे काच नाही, झालं! मग त्याच्याकडून मातीचं पोतं ४,२००ला. मडगावात भेटून कच्च्या माणकांचा लॉट ३८,००० रोख. पैलू आणि सर्टिफिकेटसाठी १२,५०० यूपीआयनं. सर्टिफिकेट आलंच नाही. शेवटी बेळगावच्या एका रत्नपारख्यानं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: आत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळणदार रेघा आणि बारीक बुडबुडे. ज्योतीत भुकटी वितळवून कारखान्यात केलेलं माणिक. ही कला १९०२पासून जगजाहीर आहे. रसायन तेच, कठीणपणा तोच, किंमत कवडीची. ओरखड्यावर भरवसा ठेवू नका.

आणि पोलीस! ठाण्यात पहिला प्रश्न कुठला, तर "तुम्ही खणायला गेलात ते कुणाच्या परवानगीनं?" चोर मीच. मग म्हणे, खणलं सांग्यात, पैसे दिले मडगावात, तुम्ही फोंड्याचे, इथं का आलात? दुसऱ्या ठाण्यात "हा दिवाणी मामला, बिल आहे का?" दगड चाळताना बिल कोण मागतं हो? तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच द्यायला पेन सापडेना, माझंच दिलं, ते परत आलं नाही. खाण खात्याचा बाबू सांगतो पोलिसांकडे जा, बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७३ छापून न्या. मला हे उशिरा कळलं. ऑनलाइन पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मी नऊ दिवस घालवले. रोख तर देऊच नका.

हौसच असेल तर मध्य प्रदेशातलं हिऱ्यांचं पन्ना आहे. तिथं सरकार आठ बाय आठ मीटरचा पट्टा काही शे रुपयांत देतं, आणि सापडलेला हिरा सरकारजमा करून लिलावात जातो. "सापडेल ते तुमचं" असं तिथंसुद्धा कुणी म्हणत नाही.

त्या खाणवाल्याचा नंबर अजून चालू आहे. व्हॉट्सॲपवर फोटो लावलाय: चिखलानं माखलेला बाईचा तळवा, त्यावर तीन लाल खडे, मनगटावर दोन हिरव्या बांगड्या. तो हात हिचा आहे.